परतीच्या विमानातले अण्णा

अण्णांची समाजसेवा परतीच्या विमानात सुरू होते. जाताना ते साधे प्रवासी असतात. जेवण शाकाहारी सांगितलंय ना, पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं पुस्तक पासपोर्टातच आहे ना, एवढ्याच त्यांच्या विवंचना. तिथे पोचल्यावर दिवसभर काम असतं, त्यामुळे सेवेचा विचार करायला सवड मिळत नाही. पण युगांडातल्या एंटेबीच्या धावपट्टीवरून चाकं उचलली आणि खाली व्हिक्टोरिया सरोवर पसरलं, की अण्णा कमरेचा पट्टा सैल करतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "काही म्हणा, त्या लोकांनी आपल्याला खूप शिकवलं."

काय शिकवलं ते लगेच विचारायचं नसतं. ते मुंबईपर्यंत ठरतं.

अण्णा सांगलीचे. राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले आणि आमच्या रोटरी क्लबचे माजी अध्यक्ष. बँकेतून माणूस निवृत्त होतो, माजी अध्यक्षपदातून होत नाही. भारतातल्या रोटरीची डॉक्टर-पथकं १९९८ पासून आफ्रिकेत जाऊ लागली, त्यातलं पहिलं युगांडातच गेलं होतं. पुढे पुष्कळांनी तो कित्ता गिरवला, तसा आम्हीही. पथकात डोळ्यांचे सर्जन असतात, भूलतज्ज्ञ असतात आणि ज्यांना सुरी, सुई, सिरिंज यांतलं काहीच हातात धरता येत नाही असे दोन-तीन 'बिगर-वैद्यकीय स्वयंसेवक' असतात. अण्णा आणि मी त्यात मोडतो.

आमचं शिबिर मसाकाच्या बाजूला होतं. कंपालाहून निघालं की वाटेत विषुववृत्त लागतं. तिथल्या पांढऱ्या गोल कमानीत एक पाय उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिणेत ठेवून फोटो काढायचा असतो. अण्णांनी तो काढला, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा काढला.

शिबिराच्या पहिल्या दिवशी उजाडायच्या आत रांग लागली होती. म्हाताऱ्यांनी काठीचं एक टोक धरलेलं, दुसरं टोक नातवाच्या हातात. ही रांग आमच्यामुळे लागली, असं अण्णांचं मत. खरं तर ती लावली होती तिथल्या ऑप्थॅल्मिक क्लिनिकल ऑफिसरने. युगांडात नेत्रशल्यविशारद मोजके आणि बहुतेक कंपालात. खेड्यापाड्यांतले डोळे तपासायचं काम हे ऑफिसर करतात, काही जण मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही शिकून घेतात. या माणसाने आधी मोटारसायकलवरून गावं पालथी घातली होती, कुणाचा मोतीबिंदू पिकलाय आणि कुणाचा डोळा काचबिंदूने गेलाय ते वेगळं काढलं होतं आणि चर्चमधून निरोप धाडले होते. आम्ही आलो तेव्हा ताट वाढलेलं होतं, आम्ही फक्त पाटावर बसलो.

अण्णांना मिळालं रजिस्टर. त्यांनी ते लाल-निळ्या शाईने आखलं: क्रमांक, नाव, गाव, उजवा की डावा, रक्तदाब, साखर, लेन्सचा नंबर. लेन्सची पेटी मदुराईहून आलेली. तिथल्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही लेन्स देशात बनवायला घेतली आणि शंभर डॉलरच्या घरातली वस्तू गरिबाच्या आवाक्यात आणली. ती पेटी अण्णा बँकेच्या कॅशसारखी सांभाळत. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी सिस्टरकडे. 'जॉइंट कस्टडी' म्हणजे काय हे त्यांनी त्या सिस्टरला इंग्रजीत समजावलं, मग दुभाष्याकरवी लुगांडात समजावलं आणि अखेरीस नुसती किल्ली हातात दिली. संध्याकाळी उरलेल्या लेन्स आणि झालेल्या शस्त्रक्रिया यांची बेरीज जुळल्याशिवाय ते कुणाला जेवायला सोडत नसत. उकडून वाटलेल्या कच्च्या केळ्यांचं मटोके गार होऊन जाई.

मधे एका सकाळी त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या दारातच हात आडवा घातला. "टॅली होत नाही," म्हणाले. आत नाकाटो नावाची बाई टेबलावर होती. बाहेर बाकावर आणखी दोन नाकाटो. त्या मुलखात जुळ्या मुलींत थोरलीचं नाव बाबिऱ्ये, धाकटीचं नाकाटो, हे जन्मतःच ठरलेलं असतं, त्यामुळे रांगेत नाकाटोंना तोटा नाही. कपाळावरच्या चिकटपट्टीवर अण्णांनीच मार्करने क्रमांक घातला होता. पट्टीवर एक आणि केसपेपरवर दुसरा. एकीला एकोणीसची लेन्स हवी होती, दुसरीला तेवीसची. सर्जन हातमोजे वर धरून दारात आले, पट्टी पाहिली, कागद पाहिला आणि एकही शब्द न बोलता कागद बदलून घेतला. एका बाईचा डोळा आयुष्यभर धुरकट राहायचा, तो वाचला. अण्णांनी रजिस्टरात लाल शाईने टिकली केली आणि पुढचा पेशंट बोलावला.

आता विमानात अण्णा क्लबसाठी भाषण लिहीत होते. त्यात ही टिकली नव्हती.

"हे काय सांगायचं? हे तर कारकुनी काम," ते म्हणाले.

मग त्यांनी मला मसुदा वाचून दाखवायला घेतला. व्हिक्टोरिया सरोवरावर असताना रांगेत दोनशे माणसं होती. केनियावर पाचशे झाली. सोमालियाचा किनारा सोडून अरबी समुद्रावर आलो तेव्हा मोजदाद संपून 'जनसागर' आला. ज्या माणसाने पंधरवडाभर एका लेन्सचाही फरक चालवून घेतला नाही, तोच हा.

पट्टी काढतानाचा प्रसंगही असाच वाढला. प्रत्यक्षात काय झालं ते मी बघत होतो. आजीबाईंची पट्टी निघाली, त्यांनी डोळे मिचकावले, समोर नातू उभा होता त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि काहीतरी फणकारल्या. दुभाषा हसून म्हणाला, "विचारतायत, हा एवढा वाळलाय कशानं?" मसुद्यात मात्र आजीबाईंनी अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले होते, डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहत होते आणि त्या लुगांडात आभार मानत होत्या, "वेबाले, वेबाले." नव्या शस्त्रक्रियेच्या डोळ्याला इतकं रडणं चालतं का, असं मी विचारलं. अण्णांनी 'घळाघळा' खोडून 'दोन थेंब' केलं.

खिडकीशी एक युगांडाचे गृहस्थ बसले होते, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. अण्णांनी त्यांना इंग्रजीत ऐकवलं की आम्ही तुमच्या देशात सेवेसाठी आलो होतो. त्यांनी मनापासून आभार मानले आणि सांगितलं की ते बायपाससाठी मुंबईला निघालेत. "पैसे भरून," त्यांनी सहज जोडलं. मग थोडं थांबून चक्क मराठीत म्हणाले, "काका, मी पुण्यात बी. कॉम. केलं. मिसळ अजून तशीच असते का?"

अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मदत ज्याला करायची तो माणूस आपल्याच गावाकडे, आपल्याच डॉक्टरकडे, स्वतःच्या पैशाने निघालाय आणि वर मिसळीची चौकशी करतोय, हे त्यांच्या मसुद्यात कुठेच बसेना. गृहस्थांनी पुढे साधंच विचारलं, "महिन्याने ते डोळे कोण तपासणार?"

"तिथला ऑफिसर आहे ना," अण्णा म्हणाले.

"मग बरं," म्हणून गृहस्थ झोपी गेले. अण्णांनी मसुदा उलटसुलट चाळला. ऑफिसर त्यात सापडेना. शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'स्थानिक सहकार्य लाभले.'

मला राहवलं नाही. अण्णा राहतात वानलेसवाडीत. ज्या डॉक्टर वानलेसच्या नावाने ती वाडी आहे तो अमेरिकेच्या मिशनतर्फे १८८९ मध्ये आपल्या भागात आला, १८९४ मध्ये त्याने मिरजेला दवाखाना उभारला आणि १९२८ पर्यंत तिथेच राहिला. अण्णांचा जन्मच मुळी त्या दवाखान्यातला. मी म्हटलं, "अण्णा, तो माणूस चाळीस वर्षं राहिला. आपण पंधरवड्यात परत."

अण्णांनी गंभीरपणे विचार केला. "त्या काळी परतीचं तिकीट महाग असेल," ते म्हणाले. आणि मग, जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत: "मसाकात एखादी अण्णावाडी... नाही, तसं आपलं सहज."

मुंबईला उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या खिडकीसमोर गर्दी उडाली होती. पिवळं पुस्तक दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आमचे सर्जन खिसे चाचपत होते, भूलतज्ज्ञांची बॅग उघडली जात नव्हती. अण्णा जागे झाले. सगळ्यांची पुस्तकं गोळा केली, आडनावाप्रमाणे लावली, लसीची तारीख असलेलं पान उघडं ठेवलं, पासपोर्टाशी नाव ताडून पाहिलं आणि गठ्ठा खिडकीत सरकवला. आतल्या अधिकाऱ्याने मान वर करून अण्णांकडे ज्या आदराने पाहिलं, तसा आदर त्यांना आख्ख्या युगांडात कुणी दिला नसेल. पथक मिनिटांत बाहेर पडलं.

सामानाच्या पट्ट्यापाशी अण्णांचा फोन वाजला. मसाकाहून ऑफिसरचा निरोप होता: पेशंट ठीक आहेत, आभारी आहोत, आणि तुमच्या रजिस्टरचा कोरा नमुना कृपया पाठवावा, म्हणजे पुढची शिबिरं आम्हीच त्यावर चालवू.

अण्णांनी तो दोनदा वाचला. "एवढंच?" म्हणाले. "माझ्याबद्दल काही नाही?"

मी काही बोललो नाही. सुटकेस आली, गेली, पुन्हा आली. अण्णांचं लक्ष नव्हतं. "असाच नाही पाठवता येणार," ते एकदम म्हणाले. "एक रकाना कमी आहे. जुळ्यांचा. नाकाटो, बाबिऱ्ये... बापाचं नाव घातलं पाहिजे शेजारी." तिथेच ट्रॉलीवर बसून बोर्डिंग पासच्या मागे त्यांनी नवा नमुना आखला आणि फोटो काढून धाडून दिला.

क्लबात भाषण झालं. जनसागर होता, दोन थेंब होते, आणि त्या लोकांनी आपल्याला खूप शिकवलं हेही तीनदा येऊन गेलं. टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत एका नव्या सभासदाने भाबडेपणाने विचारलं, "पण अण्णा, तिथे तुमचं नेमकं काम काय होतं?"

"प्रेरणा देणं," अण्णा म्हणाले.