पिक्चर पाडण्याचे प्राथमिक शिक्षण

पिक्चर पाडायला अक्कल लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत. दोन-चार लाखांचा सिनेमा कोणीही पाडतो. मित्राचा कॅमेरा आणला, मेव्हण्याला हिरो केलं, की झालं काम. पण वीस कोटी डॉलर ओतायचे, शेकडो कसबी चित्रकारांना चार-चार वर्षं राबवायचं, ज्या नावावर तीन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या ते नाव पाटीवर झळकवायचं आणि ऐन सुट्टीत थिएटर रिकामं ठेवून दाखवायचं, याला घराण्याची तालीम लागते. ॲनिमेशनच्या क्षेत्रात नव्यानं मोठ्या खुर्चीवर बसलेल्यांना ती तालीम थोडक्यात मिळावी, एवढाच हेतू. उदाहरणं बहुतेक डिस्ने आणि पिक्सारची आहेत. इतरांनीही कष्ट केले आहेत, नाही असं नाही. पण घराणं ते घराणं.

पहिला धडा खर्चाचा. भोळ्या माणसाला वाटतं, वीस कोटी घातले आणि वीस कोटी आले की फिटंफाट. तसं नसतं. तिकिटाच्या पैशातला ढोबळमानानं निम्मा वाटा थिएटरवाला ठेवून घेतो, आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच असतो. म्हणजे वीस कोटींचा सिनेमा तरायला चाळीस-पन्नास कोटींचा गल्ला हवा. २०२२ मध्ये ‘लाइटइयर’नं जगभरातून साडेबावीस कोटी डॉलर आणले, २०२३ मध्ये ‘विश’नं पंचवीस कोटींच्या वर आणले. दोघांचा खर्च वीस-वीस कोटी, आणि दोघंही पडलेल्यांच्या यादीत. खर्च इतका फुगवायचा की बऱ्यापैकी चाललेला सिनेमाही पडलेला ठरावा. निम्मी लढाई इथंच जिंकली जाते.

उलट खर्च आटोक्यात ठेवला तर काय अनर्थ होतो ते २०२५ च्या जुलैत भारतात दिसलं. ‘महावतार नरसिंह’ नावाचा ॲनिमेशनपट आला. पोस्टरवर मिरवायला एकही स्टार नाही, पहिल्या दिवशी गर्दीही बेताची. तो वाढत वाढत तीनशे कोटी रुपयांच्या पुढे गेला आणि पेढे वाटले गेले. तीनशे कोटी रुपये म्हणजे साडेतीन कोटी डॉलर. त्याच्या महिनाभर आधी आलेल्या पिक्सारच्या ‘एलिओ’नं जगभरात त्याच्या चौपट रक्कम आणली होती, आणि तिथं सुतक पाळलं जात होतं.

खर्चाचा आणखी एक फायदा म्हणजे भीती. एवढा पैसा अडकला की प्रत्येकाला वाटतं, आपल्यामुळे बुडायला नको. मग खलनायक जरा गोड होतो, विनोद जरा बोथट होतो, गोष्टीतली जी बाजू एखाद्या देशात, एखाद्या वयाच्या मुलाला किंवा एखाद्या आजीला खटकेल ती घासून काढली जाते. शेवटी उरतं ते कोणालाच न खटकणारं आणि म्हणून कोणालाच न आठवणारं. मध्येच दिग्दर्शक बदलणं हाही एक चांगला उपाय मानतात. ‘द गुड डायनासोर’चा बदलला, ‘एलिओ’चा बदलला. पण यावर विसंबू नका. ‘रॅटाटुई’चाही बदलला होता, आणि तो दणकून चालला.

आता २००२ सालाकडे या, कारण असं प्रयोगशाळेसारखं वर्ष पुन्हा मिळत नाही. त्या वर्षी डिस्नेनं आणलेल्या, हातानं काढलेल्या दोन सिनेमांत अंतराळ होतं. ‘लिलो अँड स्टिच’ फ्लोरिडातल्या त्यांच्या धाकट्या स्टुडिओत सुमारे आठ कोटी डॉलरमध्ये झाला. हवाईतली एक चिडखोर मुलगी आणि परग्रहावरून आलेलं एक निळं कार्टं. त्यानं सत्तावीस कोटी आणले. दुसरा ‘ट्रेझर प्लॅनेट’, खर्च चौदा कोटी, मिळकत अकरा कोटींच्या आसपास. रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर या दिग्दर्शकांपैकी क्लेमेंट्सनं स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ची ही अंतराळातली कल्पना १९८५ मध्येच मांडली होती. ती बाजूला ठेवून त्यांच्याकडून आधी ‘लिटल मरमेड’, ‘अल्लादिन’ आणि ‘हर्क्युलिस’ करून घेतले. सतरा वर्षांनी हट्ट पुरवला, तोही पडण्यासाठी.

मला हा सिनेमा आजही आवडतो, म्हणून थोडं रेंगाळतो. त्यातला चाचा सिल्व्हर बघा. जहाजाच्या मुदपाकखान्यात तो रांधताना दिसतो, आणि त्याच्या लोखंडी हातातली अवजारं भराभर बदलत राहतात. ग्लेन कीननं पेन्सिलीनं काढलेलं ते थुलथुलीत शरीर खांद्यापर्यंत येतं आणि तिथून पुढचा हात संगणकावर केलेला. जोड कुठं आहे ते थांबवून पाहिलं तरी सापडत नाही. एवढी कारागिरी असूनही सिनेमा पडू शकतो, हे नवशिक्यांनी मनावर कोरून ठेवावं. कारण पडण्याचं खापर पुढे याच कारागिरांवर फोडायचं आहे.

तो पडला त्यात तारखेचा मोठा हात होता. २७ नोव्हेंबर २००२ ही तारीख निवडली. बाराच दिवस आधी दुसरा ‘हॅरी पॉटर’ थिएटरात येऊन बसला होता. एकदा झालं तर योगायोग म्हणू. पण १५ जुलै २०११ रोजी डिस्नेनं ‘विनी द पू’ आणला, तो शेवटच्या ‘हॅरी पॉटर’च्याच दिवशी. मधाच्या बरणीत डोकं अडकवून घेणारं अस्वल एका बाजूला आणि दहा वर्षं जग वाट बघत होतं तो शेवट दुसऱ्या बाजूला. या धड्यात मुंबईही मागे नाही. यशराज आणि डिस्नेनं मिळून केलेला ‘रोडसाइड रोमिओ’ २००८ च्या दिवाळीत आला, सैफ आणि करीनाचे आवाज घेऊन, मुंबईच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची गोष्ट सांगत. पाचच दिवसांत ‘गोलमाल रिटर्न्स’ आणि ‘फॅशन’ एकदम दाखल. रोमिओला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षक मात्र गोलमालला गेले.

चेहऱ्याचा धडा छोटा आहे, पण परिणामकारक. २०११ च्या ‘मार्स नीड्स मॉम्स’मध्ये नऊ वर्षांच्या मुलाचं काम सेथ ग्रीन या पस्तिशी ओलांडलेल्या नटाकडून करून घेतलं. अंगभर टिपके लावून त्याची हालचाल संगणकात उतरवली. मग आवाज थोराड वाटतो असं लक्षात आलं, म्हणून एका खऱ्या मुलाचा आवाज वर चिकटवला. बाप्याची चाल, पोराचा गळा आणि ज्यांत कोणी राहत नाही असे डोळे. पंधरा कोटी गेले, चार कोटींच्या आत परत आले. सिनेमा बनवणारा स्टुडिओ बंद करण्याची घोषणा डिस्नेनं त्याच्या वर्षभर आधीच करून ठेवली होती. नियोजन असावं तर असं.

‘लाइटइयर’कडूनही शिकण्यासारखं आहे. ‘टॉय स्टोरी’तला बझ घराघरात ठाऊक, त्याचा आवाज टिम ॲलनचा. इथं आवाज दुसरा, बझ दुसरा, आणि सिनेमा सुरू होताना पडद्यावर खुलासा: १९९५ मध्ये अँडीला जे खेळणं मिळालं ते त्याच्या आवडत्या सिनेमातलं होतं, तोच हा सिनेमा. पाच वर्षांचं पोर आईला विचारतं, म्हणजे हा खरा बझ की खोटा? आईलाही नक्की सांगता येत नाही. तिकीट काढायच्या आधी समजावून सांगावं लागेल असं काहीतरी गोष्टीत ठेवलंत, तर अर्धी कुटुंबं तिकीट खिडकीपर्यंत येतच नाहीत.

आणि आता मुख्य धडा. गिऱ्हाइकाला दुकानाची वाट विसरायला लावणं.

पिक्सारचे ‘सोल’, ‘लुका’ आणि ‘टर्निंग रेड’ हे ओळीनं तीन सिनेमे अमेरिकेत थिएटर टाळून थेट डिस्ने प्लसवर गेले. पहिल्या वेळी कोरोना होता, इलाजच नव्हता. तिसऱ्या वेळी, मार्च २०२२ मध्ये, तीच थिएटरं ‘स्पायडरमॅन’नं नुकतीच भरून दाखवली होती. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘एन्कांटो’ थिएटरात लागला आणि बरोबर महिन्यानं, नाताळच्या आदल्या दिवशी, घरी आला. घरी आल्यावर पोरांनी तो इतक्यांदा पाहिला की त्यातलं ब्रुनोमामाचं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. स्टुडिओनं स्वतःच्या हातानं सिद्ध केलं की सर्वांत उत्तम सीट म्हणजे आपला सोफा.

मग २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ आला. अमेरिकेतल्या एखाद्या घरात काय बोलणं झालं असेल ते डोळ्यांसमोर आणा. बाप हिशेब करतो: चार तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्नची बादली, धाकटीला मध्येच बाहेर नेणं. डिस्ने प्लसचे पैसे तर कापले गेलेच आहेत. “नाताळात बघू, घरी.” विषय संपला. सिनेमा खरोखरच २३ डिसेंबरला घरी आला. अठरा कोटी खर्च, जगभरची मिळकत सात कोटींच्या जरा वर. त्या घरात सिनेमाला कोणी वाईट म्हटलेलं नाही, हे टिपून ठेवा. त्याला नाकारण्याइतकाही वेळ कोणी दिला नाही.

तेच कुटुंब ‘इनसाइड आउट २’ला मात्र पार्किंगसकट सगळे पैसे मोजून गेलं. ‘मोआना २’ची तर आधी डिस्ने प्लससाठी मालिका व्हायची होती, तिचा सिनेमा केला आणि शंभर कोटी डॉलर पार झाले. ओळखीचं नाव असेल तर थिएटर, नवी गोष्ट असेल तर घरी, हे प्रेक्षकाला शिकवलं कोणी? गुरुजन आपणच आहोत, विनय सोडून मान्य करायला हरकत नाही.

सिनेमा पडल्यावर खापर फोडण्याचं काम शिताफीनं करावं. ‘ट्रेझर प्लॅनेट’नंतर निष्कर्ष निघाला की हातानं काढलेल्या चित्रांचे दिवस भरले. तारखेचे, खर्चाचे दिवस भरले असं कोणी म्हणालं नाही. २००४ मध्ये फ्लोरिडाचा स्टुडिओ बंद केला. तोच, ‘लिलो अँड स्टिच’वाला. हल्ली खापर अंतराळावर फुटतं, किंवा आजकालची मुलं मोबाइलच बघतात यावर. यात एक अडचण आहे. ‘एलिओ’ आला २० जून २०२५ ला आणि अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत त्यानं दोन कोटी आठ लाख डॉलर मिळवले, पिक्सारची सर्वांत अशक्त सुरुवात. त्याच दिवशी सोनीच्या चित्रकारांनी केलेला ‘केपॉप डीमन हंटर्स’ नेटफ्लिक्सवर आला. तोही कोरी करकरीत गोष्ट. पोरांनी तो घरी पुन्हापुन्हा पाहिला, आणि ऑगस्टमध्ये दोन दिवस थिएटरात लावल्यावर तीच पोरं तिकीट काढून गाणी म्हणायला गेली. हा प्रकार अभ्यासक्रमात बसत नाही, सबब परीक्षेला विचारला जाणार नाही.

शेवटी एका धोक्याची सूचना. सगळं शिस्तीत करूनही एखादा सिनेमा पडायला नकार देतो. जून २०२३ मध्ये ‘एलिमेंटल’ची सुरुवात तीन कोटींच्या आत झाली. मृत्युलेख छापून झाले. पण ज्यांनी पाहिला त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यानं मेव्हणीला. एकट्या दक्षिण कोरियात सत्तर लाखांहून जास्त तिकिटं खपली आणि जगभरचा गल्ला जवळपास पन्नास कोटी डॉलरवर जाऊन थांबला. चूक कुठं झाली? डिस्ने प्लसवर तो यायला सप्टेंबर उजाडला. तीन महिने हयगय झाली. असा प्रसंग आपल्यावर येऊ नये म्हणून पहिल्या सोमवारी सकाळी आकडे हातात पडताच शो कमी करायला सांगा, घरच्या पडद्याची तारीख दुपारच्या आत जाहीर करा, आणि पाहून आलेल्या माणसाची शेजाऱ्याशी गाठ पडणार नाही एवढी काळजी घ्या.