पायात किती, खांद्यावर किती

नागपंचमी जवळ आली की पांढुर्णा-सौसरकडच्या घरांत एक गहन चर्चा सुरू होते : नागद्वारीला पायात काय घालायचं? २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला, तेव्हाही इतका काथ्याकूट झाला नसेल. नागद्वारी पचमढीच्या डोंगरात. सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली ही वाट वर्षातून तेवढे दहाएक दिवस यात्रेकरूंसाठी उघडते, तेही ऐन पावसाळ्यात. काजळी, पद्मशेष, चिंतामणी करत डोंगर चढायचा, उतरायचा आणि पुन्हा चढायचा. पायाखाली शेवाळलेला दगड, तो संपला की चिखल.

यात पंथ दोन. स्लीपरवाले आणि बूटवाले. (अनवाणी जाणारेही असतात, पण ते वादात पडत नाहीत.) स्लीपरवाल्या काकाजींचं म्हणणं, ‘‘बुटात पानी भरलं का पाय उचलत नाही. स्लीपर झटकली का कोरडी.’’ बूटवाला पुतण्या विचारतो, ‘‘अन् काकाजी, पट्टा तुटला मंग?’’

‘‘तुटला तं हातात घ्याची.’’

यावर पुतण्याजवळ उत्तर नसतं. खरं तर विज्ञानही काकाजींच्याच बाजूचं आहे. सौल आणि गोल्डमन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६९ साली मोजून दाखवलं, की पायातलं वजन वाहायला शरीराला अंगावरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट शक्ती लागते. पाय पावलोपावली उचलावा लागतो, हे त्याचं साधं कारण. पाठीवरच्या पिशवीतले दोन डबे कमी करण्यापेक्षा बूट बदलणं शहाणपणाचं.

हलकं की दणकट, हाच वाद आल्प्सच्या बर्फात अगदी हिरीरीने चालतो. तिकडे लोक स्कीच्या फळ्या पायाला बांधून आधी डोंगर चढतात आणि मग घसरत उतरतात. बूट फळीला पकडून ठेवणारा जो खटका असतो, त्यावर सगळी भिस्त. चढताना टाच मोकळी हवी, उतरताना जखडलेली. पूर्वीचे खटके दणकट आणि जड. फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन माणसाने १९८०च्या दशकात बूट पुढून नुसत्या दोन खिळ्यांत धरणारा हलका खटका काढला. आता शर्यतीतले खटके पायाला दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर असतात. माणसं तिथे ग्रॅम-ग्रॅम खरवडतात, आणि मग रात्री झोप लागत नाही, की हे उद्या उतारावर तुटलं तर?

आता हेच काकाजी महाशिवरात्रीला बघा. पचमढीच्याच डोंगरातल्या चौरागडच्या महादेवाची यात्रा. जुन्या वाटेने निघालात तर जुन्नारदेवची पहिली पायरी, भुराभगत असं करत जंगलातून जायचं आणि शेवटी तेराशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या. नागद्वारीला स्लीपरचा तोळा-मासा करणारा हा गृहस्थ इथे खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेऊन चढतो! नवस जेवढा मोठा, तेवढा त्रिशूळ जड. काही त्रिशूळ तर चार-सहा जणांनी मिळून उचलावे लागतात. हलका ॲल्युमिनियमचा त्रिशूळ सुचवून पाहण्याचं धाडस मला तरी नाही.

पण काकाजींचा हिशोब चुकलेला नाही. त्रिशूळ माथ्यावर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात उभा राहायचा आहे. तो टिकायलाच हवा, आणि त्याला परत खाली आणायचं नाही. स्लीपरला मात्र दोन दिवसच काढायचे आहेत. जन्मभर टिकणारी वहाण घेऊन दोन दिवसांचा डोंगर चढण्यात काय मतलब?

पुतण्याची बाजूही मी सोडणार नाही. चिखलात पाय रुतला, जोराने ओढला, की स्लीपरचा पट्टा तळातल्या भोकातून सुटतो. पण पट्टा पुन्हा भोकात दाबायचा, खालून आडवी सेफ्टी पिन घालायची, की स्लीपर चालू. बुटाचा तळ उलगडला तर जंगलात मोची कुठला? म्हणून माझं मत तिसरंच आहे. वजन आणि टिकाऊपणा यांच्या आधी बघावं, की वस्तू मोडली तर ती जागच्या जागी, ओल्या हातांनी, आपल्याला दुरुस्त करता येईल का. बर्फातले अनुभवी लोकही पिशवीत स्क्रू, तार आणि चिकटपट्टी ठेवतातच.

यंदा नागद्वारीला निघालात तर पायात काय हवं ते घाला. फक्त खिशात चार मोठ्या सेफ्टी पिना आणि हातभर सुतळी असू द्या, आणि पुतण्या बूट घालून आलाच असेल तर सुतळी दोन हात घ्या.