उणे टक्क्यांचं दर्शन

उन्हाळ्यात जवळा बाजारच्या मोंढ्यात विषय दोनच, हळदीचा भाव आणि पाणी. मग कुणाच्या तरी मोबाइलवर उजनीतल्या पळसनाथाचा व्हिडिओ येतो. ‘‘भाऊ, गाडी करू! पाणी आलं की देव दिसत नाही.’’

आमचा औंढा नागनाथ शेजारीच, बारमाही. नामदेवांसाठी देऊळच फिरलं म्हणतात. नंदी अजून मागच्या अंगाला आहे. पण रोज उघडा असलेल्या देवाचं कौतुक कोणाला?

पळसनाथाचं तसं नाही. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं, इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. त्याच्या दर्शनाचा मुहूर्त पंचांगात नसतो, धरणाच्या टक्केवारीत असतो. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उपयुक्त पाणी संपून आकडा उण्यात घसरला, की आधी शिखर, मग सभामंडप. सोलापूरच्या नळाला कोरड, इकडे सेल्फीला बहर. भाविक हात जोडून काय मागतो? पाऊस. म्हणजे, देवा, तुला लवकर बुडू दे!

जाणारच असाल तर पाणीसाठ्याचा तक्ता बघून निघा, आणि लाइफ जॅकेट नसेल तर होडीत पाय ठेवू नका. याच जलाशयात मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान होडी उलटून सहा जण गेले.