तांबड्या रश्शाची पत्रिका

अ‍ॅडलेड,
रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, तू फोनवर विचारलंस, क्लबात जेवायला गेलात तर तिथलं काय खाल्लंत? तिथलं काहीच नाही. जेवण आपणच न्यायचं. कुणी सूप, कुणी मासे, कुणी मटण. क्लबाने फक्त प्रत्येक पदार्थाला वाइन जुळवून द्यायची. हे खातं एका निवृत्त दंतवैद्याकडे आहे. जोशीबुवांनी पत्रिका पाहावी तसा तो तेल किती, आंबट किती, सगळं विचारून घेतो आणि दोन दिवसांनी स्थळ कळवतो.

मटण आमच्याकडे होतं. तुझ्या सुनेने कांदा-लसूण मसाला सढळ हाताने घालून तांबडा रस्सा केला. दंतवैद्याने बरोसाची शिराझ काढली. लाल मांस, लाल वाइन, छत्तीस गुण! बाबा, बरोसा इथून तासाभरावर आहे. तिथे 1840च्या दशकात लावलेले काही वेल अजून द्राक्षं देतात, कारण मुळं खाणारा फायलॉक्सेरा हा किडा या राज्यात कधी शिरलाच नाही.

पण स्थळाला कडक मंगळ निघाला. शिराझमधलं टॅनिन आणि साडेचौदा टक्के अल्कोहोल तिखटाला आणखी चेतवतात. घासावर घोट घेतला मात्र, समोरचे माजी न्यायाधीश टक्कल पुसू लागले. बाकीचे पाण्यावर तुटून पडले. पाण्याने मिरची कुठली जायला! तुझ्या सुनेने मुकाट्याने दह्याचं भांडं पुढे सरकवलं. गाडी तिला चालवायची होती (इथे रक्तात 0.05 टक्क्यांची मर्यादा), म्हणून तिने वाइनचा नुसता वास घेतला होता, आणि तेवढ्यावरच 'ही चालायची नाही' म्हणाली होती. ऐकतो कोण?

दंतवैद्य मोठा चिवट. माशांबरोबरची किंचित गोड रिसलिंग उरली होती, ती थंडगार आणवली आणि काय सांगू, जमलं की! तिखट निवलं, तोंडातला तेलकटपणा गेला, न्यायाधीशांनी रस्सा पुन्हा मागून घेतला. या रिसलिंगला बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं. इथल्या क्लेअर व्हॅलीच्या काही वाइनवाल्यांनी 2000 साली एकी करून बुचाला रजा दिली. नाशिकच्या मामांना हे सांगू नका, त्यांचा अर्धा आनंद बूच उडण्यातच आहे.

मग चीज आलं, निळ्या बुरशीचं. भाकरीवर असा एक ठिपका दिसला तर तू अख्खी बुट्टी म्हशीपुढे ठेवशील. इथे तो कौतुकाने दाखवून वाढतात. वास मोज्यांचा, चव खारट. सोबत रदरग्लेनची मस्कट, काळपट आणि काकवीसारखी दाट. बाबा, नाक दाबून का होईना, पण हे जोडपं लाखात एक आहे.

कॉफी अगदी शेवटी. तुझ्या सुनेने दोन कप घेऊन सगळ्या वाइनचं उट्टं काढलं.

पुढच्या खेपेला गोड आमच्याकडे आहे, म्हणजे पुरणपोळी. दंतवैद्याचे प्रश्न आत्ताच सुरू झालेत. डाळीला गूळ किती ते लगेच कळव. जायफळ घालतेस की वेलदोडा तेही लिही, त्यावरून म्हणे वाइन बदलते. कटाच्या आमटीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुमचा,
बाळ्या