सायंकाळी ठीक सात यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. सायंकाळी ठीक सात,
मुक्काम लग्नपत्रिका, शेवटून दुसरी ओळ, सोनेरी अक्षरं.

स.न.वि.वि.

पाचूबंदरात लग्नांचा हंगाम ऐन भरात आहे. घरातल्या फ्रिजवर पत्रिकांचा ढीग साचला आहे आणि प्रत्येक पत्रिकेत आपण आहात. वधू-वर बदलतात, हॉल बदलतो, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'वाली पोरं बदलतात. आपण मात्र कायम. एवढ्या रिसेप्शनना मानाचं बोलावणं असलेला दुसरा पाहुणा वसई तालुक्यात नसेल, आणि एकाही रिसेप्शनला तोंड न दाखवलेला पाहुणाही आपणच.

आम्ही जुन्या वळणाची माणसं. छापलेल्यावर विश्वास ठेवतो. इस्त्रीचा शर्ट चढवतो, आहेराचं पाकीट दुमडू नये म्हणून वरच्या खिशात उभं ठेवतो आणि आपल्याला भेटायला हॉलवर येतो. तिथे आपल्याऐवजी भेटतात ती खुर्च्यांना पांढरे झगे चढवणारी दोन पोरं, 'हॅलो, चेक, चेक' यापलीकडे जगाला काहीही सांगायचं नसलेला साउंडवाला आणि कमानीत प्लास्टिकची फुलं खोचणारा डेकोरेटर. हा डेकोरेटर आमच्याकडे अशा नजरेने बघतो, की आपणच आगाऊपणा केला असं वाटून आम्ही कोपऱ्यातली, अजून झगा न चढलेली खुर्ची पकडतो.

नवरा-नवरी कुठे असतात, तर किल्ल्यात. चर्चमधली लग्नाची मिस्सा संपली की फोटोग्राफर त्यांना तिकडे घेऊन जातो, कारण त्याला मावळतीचा उजेड हवा असतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने जिवावर उदार होऊन ज्या तटाला सुरुंग लावले, त्या तटाला टेकून आमचा नवरदेव हनुवटी वर, नजर खाली, एक पाय पुढे अशा अवस्थेत अर्धा तास उभा असतो. कोल्डप्लेच्या २०१६ च्या गाण्यात वसईचा किल्ला जगाने पाहिला. आता आपल्या पोरालाही तिथे चालताना पाहिल्याशिवाय लग्न पक्कं झालं असं कुणाला वाटत नाही. मग नवरीचा मेकअप पुन्हा, साडी किंवा गाउन दुसरा, केसांची रचना तिसरी. तोवर घड्याळात आपण येऊन गेलेले असता.

आता कुणी म्हणेल, कोळीवाड्यातल्या साध्या लोकांना घड्याळाचं काय कळतं? महोदय, राग येतो तो इथेच.

या गावात ज्या म्हाताऱ्याने आयुष्यात मनगटाला घड्याळ बांधलं नाही, तोही तोंडी सांगतो : तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्याच्या होडीने शिकवलं आहे. आमचं जाळं म्हणजे डोल, ती पाण्याच्या ओढीवर चालते. उधाणाला प्रवाह जोरात, डोल तोंड उघडून उभी राहते, बोंबील-जवळा आत येतो. सप्तमी-अष्टमीपासून दशमी-एकादशीपर्यंत भांग. पाण्याची ओढ मंदावते, डोल नीट फुगत नाही, होड्या बंदराला लागतात, तांडेल घरी येऊन झोपतो. चुकीच्या वेळी जाळं उचलायला गेलेल्याला समुद्र 'येतोय हो, ट्रॅफिकमध्ये अडकलोय' असा मेसेज पाठवत नाही.

आणि हे फक्त होडीचं नाही. हिंदू कोळ्याच्या घरी मुहूर्त तिथीवरून निघतो. ख्रिस्ती कोळ्याचा ईस्टरही चंद्रावरूनच ठरतो : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, म्हणून लग्नं नाताळानंतर तरी उरकायची किंवा ईस्टरनंतर तरी. म्हणजे चर्च चंद्राकडे बघतं, पंचांग चंद्राकडे बघतं, डोल चंद्राकडे बघते. अख्ख्या गावात फक्त रिसेप्शन तेवढं इव्हेंटवाल्याकडे बघतं.

चार वाजताच्या मिस्सेला हीच मंडळी चारला हजर असतात, बरं का. फादर कुणासाठी थांबत नाहीत. नवरा उशिरा आला तर त्याला जन्मभर पुरेल एवढी एक नजर वेदीवरून मिळते. त्यामुळे वेळ पाळता येत नाही असं नाही. वेळ पाळायला लावणारा समोर लागतो. आपण पडलात सोनेरी अक्षरं. आपल्याला कोण घाबरणार?

नऊ वाजता 'एन्ट्री' होते. हॉलचे दिवे मालवतात, धूर सोडतात, दोन बाजूंनी कारंज्यासारखे थंड फटाके उडतात आणि धुरात वाट न सापडल्यामुळे वधूचा हात वराऐवजी व्हिडिओवाल्याच्या हाती लागता लागता राहतो. मग एमसी साहेब माइक घेतात. 'लेडीज अँड जंटलमन, प्लीज पुट युअर हँड्स टुगेदर!' आम्ही सातपासून हात जोडूनच बसलो आहोत, हे त्यांना कसं सांगावं? मग एलईडी पडद्यावर प्री-वेडिंगचा चित्रपट. त्यात पुन्हा किल्ला. मग केक. मग टोस्ट. टोस्ट उचलणारे अंकल नवऱ्याच्या बालवाडीपासून सुरुवात करतात. मागे उभे असलेले पाहुणे ग्लास धरून हाताला मुंग्या येईपर्यंत नवऱ्याच्या दहावीच्या टक्क्यांची वाट बघतात. मग मार्च, पहिला नाच, करवल्यांनी महिनाभर तालीम केलेला नाच, भावांनी अजिबात तालीम न केलेला नाच.

एवढ्यात दारात दिसतात आपले धाकटे बंधू, श्री. रात्री दहा.

हे सद्गृहस्थ आपल्या घराण्यातले दिसत नाहीत. ते वेळेवर येतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० ही त्यांची ओळख. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी. आमच्या मामेभावाचं लग्न हा घरच्यांच्या दृष्टीने राष्ट्रीय उत्सव असला तरी त्या यादीत तो बसत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही रात्रीची बंदी ठणकावून कायम ठेवली. मोकळ्या मैदानावर मांडव असेल तर दहाच्या ठोक्याला डीजे बंद करावा लागतो. सात ते दहा हा तीन तासांचा करार होता. त्यातले दोन तास आपण खाल्लेत, आणि शिव्या मात्र बिचाऱ्या दहाला आणि दारातल्या हवालदाराला पडतात.

डीजेचंही एकदा बोलूनच टाकतो. वसईला तह नवे नाहीत. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज इंग्रजांची, खर्च पेशव्यांचा, त्यासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. हल्ली तोच तह मुलाकडचे डीजेशी करतात. फौज त्याची, खर्च आपला, आणि त्यानंतर आपल्याच मांडवात आपल्याला बोलायची चोरी. शेजारच्या खुर्चीवरच्या उत्तनच्या आत्याला 'गुडघे कसे आहेत' विचारलं, तर ती म्हणते, 'हो, खाल्लं.' खाडीपलीकडून रो-रो पकडून आलेली बाई. २०२४ पासून भाईंदरची बोट थेट किल्ल्याच्या जेट्टीला लागते, तेव्हा हा फेरा तिला जमू लागला. दोन वर्षांनी भेटलेल्या आत्याशी दोन वाक्यं बोलता आली नाहीत, तर रिसेप्शन म्हणजे नेमकं कुणाचं स्वागत?

बरं, या फौजेपायी आम्ही घरची फौज मोडीत काढली. वसईचा ब्रास बँड आता वरातीपुरता उरला. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या त्या माणसांना ना एलईडी लागतो ना जनरेटर. हळदीच्या रात्री धवले म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना कुणी रिसेप्शनला स्टेजवर बोलावत नाही, कारण त्या पॅकेजमध्ये येत नाहीत. कोळीगीतं लागतात, नाही असं नाही. शांता शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेली, लताबाई आणि हेमंतकुमारांनी गायलेली गाणी. पण तीही कुठे? दहाला पाच कमी असताना, रिमिक्स करून, एकात एक घुसवून. दर्यावर पोट भरणाऱ्या माणसांना त्यांच्याच लग्नात दर्यासाठी पाच मिनिटं.

जेवणाबद्दल लिहिणार नव्हतो, पण हात शिवशिवतो. २०२३ साली सरकारने चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून मान दिला. त्याच पापलेटासाठी जन्म घालवलेल्या गावाच्या मांडवात, काउंटरच्या काचेमागे 'फिश फिंगर' म्हणून गोड्या पाण्यातला बासा. आणि तोही फोटोंची रांग संपल्यावर. कारण 'आधी स्टेजवर जाऊन या, मग जेवा' हा अलिखित कायदा. रांगेत तीनशे माणसं, प्रत्येकाला तीन फोटो : एक डोळे मिटलेला, एक मधेच कुणाचं तरी पोर घुसलेला आणि एक चांगला, जो कधीच कुणाला मिळत नाही.

या सगळ्यात ताटकळतं कोण, तेही सांगतो. पहाटे होडीवर जायचं असलेला खलाशी. पहाटेच्या लिलावाला उभं राहायचं असलेली मावशी. स्टेशनकडे जाणारी शेवटची बस गाठायची असलेला नातलग. हे सातला येतात, साडेनऊला न जेवता उठतात, पाकीट नवऱ्याच्या काकाच्या हातात कोंबून जातात. आणि नऊला स्वतःच्या गाडीतून उतरणाऱ्याला यजमान मिठी मारून म्हणतात, 'अगदी वेळेवर आलात!' म्हणजे आपण कुणासाठी छापले जाता आणि कुणासाठी पाळले जाता, हे आम्हाला कळलं आहे. कार्यक्रम कॅमेऱ्यासाठी आखला जातो. माणसं त्याची पार्श्वभूमी.

तेव्हा आमचा प्रस्ताव असा.

७.०० – नवरा-नवरी दारात उभे. धूर नाही. माणसं दिसली पाहिजेत.
७.१५ – केक आणि टोस्ट. टोस्ट तीन मिनिटांचा. बालवाडी वगळून.
७.३० – जेवण उघडं. ज्याला पहाटे उठायचं आहे, त्याचं ताट आधी. तव्यावर मासा आपल्या बंदरातला.
७.४५ – ब्रास बँड. वधू-वरांनी टेबलाटेबलाशी जाऊन भेटायचं. फोटोग्राफरने मागोमाग चालायचं, पुढे नव्हे.
८.३० – म्हाताऱ्यांच्या हाती माइक. त्या म्हणतील तितका वेळ.
९.०० – डीजे. कोळीगीतं आधी आणि पूर्ण.
९.५० – शेवटचा नाच, सगळ्यांचा.
१०.०० – आपल्या बंधूंना दारात सरबत.

यात डीजेवर अन्याय नाही. त्याला पन्नास मिनिटं दिली आहेत. आजच्या पद्धतीत त्याला मनासारखी वीसही मिळत नाहीत.

हे आपल्याला झेपत नसेल, तर आमची दुसरी तजवीज तयार आहे. आपल्याला पत्रिकेवरून काढायचं आणि त्या जागी छापायचं : 'रिसेप्शन नवमीला, भरतीला.' हिशेब करून बघा. नऊची पाऊणपट पावणेसात. नवमीला भांग, म्हणजे होड्या घरी, तांडेल मोकळा, खलाशी आंघोळ करून तयार. आणि ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी असल्यामुळे त्याच्या मागोमाग, बहुधा आठवड्याच्या आतच, वद्य नवमी येते. चर्चची हरकत नाही, पंचांगाची नाही, समुद्राची तर नाहीच. वधू-वरांनी मात्र पावणेसातच्या आधी किल्ल्यातून निघायचं. पाणी कुणाच्या मेकअपसाठी थांबलेलं आजवर ऐकिवात नाही.

उत्तर लवकर द्यावं. पुढच्या रविवारी तीन पत्रिका आहेत, तिन्हींत आपण आहात, आणि तिन्ही हॉल वेगवेगळे आहेत. एकातरी ठिकाणी दर्शन द्यावं, ही विनंती.

कळावे, लोभ आहेच. भेट झाली तर वाढेल.

आपला,
खिशात पाकीट उभं ठेवून बसलेला
एक पाचूबंदरकर

ता. क. : या पत्राची एक प्रत माहितीसाठी श्री. रात्री दहा यांना पाठवली आहे. त्यांची पोच आपल्या आधी येईल, याविषयी गावात दुमत नाही.