सज्जनाच्या घरी सासू नसते

मराठी मालिकेतला दुसरा पुरुष ओळखायला फार हुशारी लागत नाही. तो आला की मागे बासरी वाजते. गाडीतून उतरून तो नायिकेच्या बाजूचं दार उघडतो, वेटरशी अदबीनं बोलतो, आणि ती काही सांगत असली तर मोबाईल खिशात ठेवून पूर्ण ऐकून घेतो. संसाराचा थोडाफार अनुभव असलेल्या कुठल्याही बाईला एवढी खूण पुरते : हा माणूस काही नवरा नव्हे. आमच्या धाराशिवच्या घरात असा कुणी पडद्यावर अवतरला की आत्या लसूण सोलायची थांबते, कपाळावरचा चष्मा नाकावर आणते आणि निकाल देते, "लई गुणाचं लेकरू हाय. टिकायचं नाही बघ."

आत्या परंड्याला दिलेली. किल्ल्याच्या सावलीत उभा जन्म काढल्यामुळे तट कुठून ढासळणार हे तिला आधी कळतं.

'आई कुठे काय करते'मध्ये आशुतोष केळकर आला तेव्हाही ती हेच म्हणाली. ही मालिका स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. सुरू झाली तेव्हा आम्ही उस्मानाबादेत राहत होतो, संपली तेव्हा धाराशिवात. घर तेच, टीव्ही तोच, खुर्चीचा मोडका हातसुद्धा तोच. मधल्या मध्ये २०२३ साली सरकारनं गावाचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं. मालिकेतल्या देशमुखांच्या घरातलं रडणं मात्र होतं तसंच चालू राहिलं.

मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती त्या घरात पंचवीस वर्षं राबलेली. नवरा अनिरुद्ध संजनाच्या प्रेमात. घटस्फोट होतो. अशा वेळी ओंकार गोवर्धन यांचा आशुतोष येतो. कॉलेजपासून त्याचं अरुंधतीवर प्रेम. त्यापायी बिनलग्नाचा राहिलेला. पैसा आहे पण माज नाही, गाण्याची आवड आहे पण स्वतः गाऊन दाखवण्याचा हट्ट नाही. या माणसात खोट काढायची म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका एकदा ठरवून बसल्या. मुली पाहायला जाऊन नाकाच्या शेंड्यापासून टाचेच्या भेगेपर्यंत उणं काढणाऱ्या या बायका. पण त्यांच्या हाती एवढंच लागलं की त्याच्या शर्टाला इस्त्री जरा जास्तच असते.

२०२३ मध्ये आशुतोष-अरुंधतीचं लग्न लागलं. मी आत्याकडे बघितलं. "थांब की जरा," ती म्हणाली. २०२४ मध्ये लेखकांनी आशुतोषला अपघातात मारलं, आणि अरुंधती फिरून देशमुखांच्या 'समृद्धी' बंगल्यात. आत्यानं पदरानं डोळे पुसले. डोळ्यांत दुःख होतं, पण चेहऱ्यावर पैज जिंकल्याचं तेज होतं.

या गोष्टीचं मूळ बंगालीत, 'श्रीमोयी'त. तिथल्या सज्जनाचं नाव रोहित सेन. हिंदीत तीच गोष्ट 'अनुपमा' झाली आणि सज्जनाचा अनुज कपाडिया झाला. त्यालाही २०२२ मध्ये बोहल्यावर चढवलं, आणि पुढे ताटातूट केली. भाषा बदलली, आडनाव बदललं, बंगल्याचे पडदे बदलले. सज्जनाचं नशीब काही बदललं नाही.

आता हे असं का, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. बायकोचं म्हणणं, त्याला जिंकू दिलं तर मालिका संपेल. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण मराठी मालिकेला लागू पडत नाही. सिनेमा लग्नापाशी संपतो. मालिका लग्नापाशी सुरू होते. अक्षता पडल्यावर हजार भाग काढणारी माणसं आहेत ही. लग्नाला ती घाबरतील कशाला?

माझं मत वेगळं आहे. मराठी मालिकेची नायिका पुरुषाशी लग्न करतच नाही. ती घराशी करते.

मालिकांची नावं आठवून बघा. 'चार दिवस सासूचे'. 'होणार सून मी ह्या घरची'. 'माझ्या नवऱ्याची बायको'. 'अग्गंबाई सासूबाई'. 'घाडगे अँड सून'. सासू आहे, सून आहे, नवरा आहे, बायको आहे, घर तर आहेच. प्रियकर कुठेही नाही. 'होणार सून'चं नाव तर इतकं सरळ आहे की जान्हवीनं श्रीशी नव्हे, गोखल्यांच्या घरातल्या सहा सासवांशी लग्न केलं हे पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलेलं. श्री हे त्या घरात शिरायचं दार होतं. चांगलं सागवानी दार, पण दारच.

आणि आपला दुसरा पुरुष? त्याच्याकडे बंगला असतो, घर नसतं. एक प्रशस्त दिवाणखाना, कोपऱ्यात वाद्य, एक इमानी नोकर. आई असलीच तर ती समजूतदार असते. आता सांगा, अशा ठिकाणी नायिकेनं करायचं काय? सकाळी उठून चहा केला, नोकर म्हणाला 'छान झालाय', भाग संपला! तिच्या पुरणात मीठ टाकायला कुणी नाही, जिन्यावर तेल सांडायला कुणी नाही, कपाटातले दागिने तिच्या पिशवीत लपवायला कुणी नाही. दारामागे उभं राहून ऐकायला तरी एखादी जाऊ हवी. एका खोलीत अकरा माणसं जमवून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा मारला की अर्धा तास कसा निघून जातो, हे निर्मात्याला विचारा. सज्जनाच्या बंगल्यात चेहरे मारायला दोनच, आणि दोघंही समाधानी.

पुरावा हवा असेल तर झी मराठीची 'जुळून येती रेशीमगाठी' घ्या. २०१३ साली सुरू झालेली. यात ललित प्रभाकरचा आदित्य देसाई हा म्हणजे निर्दोष माणूस, आणि तो जिंकला. प्राजक्ता माळीच्या मेघनाचं लग्नाआधी दुसऱ्या एकावर प्रेम होतं, आणि योगायोग असा की त्याचंही नाव आदित्यच, आदित्य नगरकर. दोन आदित्य, एक नायिका. जिंकला कोण? ज्याच्या घरात माई होत्या, नाना होते आणि रोजच्या जेवणाला भरलेली पंगत होती तो. नगरकराकडे फक्त प्रेम होतं. प्रेमाला हॉल-किचन नसतं.

'माझ्या नवऱ्याची बायको'तला सौमित्र हा एक अपवाद म्हणून कुणीतरी पुढे करील. मान्य. अनिता दाते यांची राधिका नवऱ्याच्या, गुरुनाथच्या, कचाट्यातून सुटून, मसाल्याचा धंदा उभा करून, शेवटी सौमित्रशी लग्न करते. पण त्यासाठी सौमित्रला किती वाट बघावी लागली! आणि लग्न झाल्याबरोबर मालिकेच्या नावाचीच पंचाईत झाली, कारण आता राधिकेच्या नवऱ्याची बायको म्हणजे राधिकाच. गुरुनाथचं काय करायचं हा प्रश्न तरीही सुटला नाही. तो आपला रोज पडद्यावर हजर.

उलट बाजूही बघा. २०१८ च्या 'तुला पाहते रे'मध्ये चाळीत वाढलेली ईशा निमकर तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या विक्रांत सरंजामेच्या प्रेमात पडते. चाळीत तिचा मित्र बिपीन होता. साधा, सरळ, तिच्याच वयाचा. "ह्यो काय वाईट हाय?" आमच्या शेजारच्या काकू रोज विचारायच्या, जणू ईशा त्यांचीच भाची. वाईट काहीच नव्हता. पण बिपीनशी लग्न म्हणजे माहेरापासून सासरपर्यंतचं अंतर दोन जिने. सरंजाम्यांकडे महाल होता, आईसाहेब होत्या, बंद खोली होती. पुढे सुबोध भावेंचा विक्रांत खलनायक निघाला, ईशाला मागचा जन्म आठवला. हे सगळं बिपीनच्या दोन खोल्यांत कुठं मावलं असतं? पूर्वजन्मालासुद्धा जागा लागते.

(जाता जाता एक : आमच्या तुळजापूरची आई भवानी नवरात्राच्या आधी मंचकी निद्रा घेते. साक्षात जगदंबा दागिने उतरवून विश्रांती घेते, आणि मालिकेची नायिका मात्र नथ, बुगड्या, मंगळसूत्र घालूनच पांघरूण घेते. कोण जास्त थकत असेल हे भक्तांनी ठरवावं.)

आता घराचा मुद्दा बाजूला ठेवला तरी सज्जनाची आणखी एक अडचण उरते, आणि ती फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात दमयंतीचं स्वयंवर आहे. मराठीत रघुनाथ पंडितांनी त्याचं आख्यान रचलं. स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघंही नळाचं रूप घेऊन येऊन बसतात. मंडपात पाच नळ. दमयंती गोंधळते. मग तिला खुणा दिसतात : देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, अंगावर धूळ बसत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. एक मात्र घामेजलेला, धुळीनं माखलेला, माळ सुकत चाललेला. माळ पडते ती त्याच्या गळ्यात.

चार चार देव सोडून घामट माणूस निवडला! आणि पुढे त्या माणसात कली शिरला, द्यूतात राज्य गेलं, रानात झोपलेल्या बायकोला सोडून तो निघून गेला. एखाद्या वाहिनीला दोन वर्षं पुरेल एवढा मजकूर. वरुणाशी लग्न केलं असतं तर काय झालं असतं? पाण्याची ददात मिटली असती, एवढंच. (आमच्या गावात तेवढ्यावर लग्न जमलं असतं. नळाला पाणी येण्याचा दिवस आणि मालिकेचा महाएपिसोड एकाच वेळी आला की घरोघरी कोण उठायचं यावरून जे होतं, ते कुठल्याही लेखकाला सुचायचं नाही.)

आशुतोष हा त्या चौघा देवांच्या रांगेतला पाचवा. शर्ट कधी चुरगळत नाही, पापणी लवली तरी ती दिग्दर्शकाला विचारून. आमच्याकडे एप्रिलच्या लग्नात मांडवात उभा असलेला नवरदेव घामानं निथळत नसेल तर तो देव तरी असतो, नाहीतर त्याच्या पाठीमागे कूलर तरी. अनिरुद्ध चिडतो, खोटं बोलतो, आईच्या पदराआड लपतो. माळ सुकलेली. बायका त्याला शिव्या देतात, पण शिव्या देतात म्हणजेच ओळखतात. आशुतोषला शिवी देण्याइतकी कुणाची ओळखच झाली नाही.

इथवर माझा सिद्धांत नीट चालला होता. पण माझी बहीण भूम तालुक्यात दिलेली आहे, आणि तिचा मुलगा लग्नाचा आहे.

मामा म्हणून बोलत नाही, पण भाचा म्हणजे दुसऱ्या पुरुषाचे सगळे गुण. बीएस्सी ॲग्री केलेला, घरची आठ एकर, चार म्हशी, दारात खव्याची भट्टी. तंबाखूसुद्धा नाही. पहाटे चारला उठतो. समोरचा बोलत असताना ऐकून घेतो, ही तर मी स्वतः पाहिलेली गोष्ट. त्याच्यात भर म्हणजे देव नव्हे; भट्टीपुढे बसल्यावर चांगला घाम येतो. घर आहे, घरात माणसं आहेत, आजी आहे, आई आहे, एक लग्न झालेली बहीण वरचेवर माहेरी येते. मालिकेच्या हिशेबानं सगळी सामग्री तयार.

मुलीकडचे पाहुणे येतात. कुंथलगिरीचा पेढा खातात, दुसरा घेतात, तिसरा पोरासाठी कागदात बांधून घेतात. मग मुलीचा चुलता खाकरून विचारतो, "पुण्यात काय आहे?"

भाच्याचे वडील सरळ माणूस. म्हणाले, "पुण्यात आमचा खवा आहे."

पाहुण्यांना फ्लॅट अभिप्रेत होता. भूमच्या खव्याला शहरात मागणी आहे, खवा आटवणाऱ्याला नाही. धाराशिव, बीड, लातूर, कुठंही जा, शेती करणाऱ्या मुलाचं लग्न जमणं ही आज गावोगावची काळजी आहे. पोरींच्या आई-बापांचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. पाऊस दगा देतो, सोयाबीनचा भाव दगा देतो. निदान जावयानं तरी पगारी असावं असं कुणालाही वाटेल. आणि मुलींना घरात गर्दी नको असते. अकरा माणसांचा स्वयंपाक टीव्हीवर बघायला बरा असतो.

म्हणजे बघा : पडद्यावरचा सज्जन हरतो, कारण त्याच्या घरी सासू नाही. आमचा सज्जन हरतो, कारण त्याच्या घरी आहे.

आशुतोष गेला तेव्हा आठवडाभर अन्न गोड न लागलेल्या आत्याला मी एकदा धीर करून विचारलं, "आत्या, तुझी नात आहे की लग्नाची. माझ्या भाच्याला का नाही देत? घरातल्या घरात आहे, माहितीतला पोरगा आहे."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की कॅमेरा असता तर तीनदा मारला असता. "आरं, ती इंजिनेर हाय. ती काय शेण काढंल व्हय? कसं बोलूलालास तू!"

"मग आशुतोषसाठी रडत होतीस ते?"

"त्ये मालिकेतलं हाय," आत्या म्हणाली आणि आवाज वाढवला. टीव्हीचा.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या पाहण्यात एखादी मुलगी असेल तर कळवा. मुलगा निर्व्यसनी आहे, राहायला गावातच आहे, पुण्यात खवा आहे. सासू खाष्ट नाही. पण मुलीला मालिकांची आवड असेल आणि अगदी तसंच वातावरण हवं असेल, तर माझी बहीण शिकून घ्यायला तयार आहे.