दुनाळी काकाजी

आचारसंहिता लागली की नागपुरातली बाकीची इतवारी उमेदवार मोजते आणि आमचे काकाजी काडतुसं मोजतात. काडतुसं अकरा आहेत. गेली कित्येक वर्षं अकराच आहेत, कारण ती उडवतो कोण? तरी काकाजी ती पाटावर ओळीनं मांडतात, चष्मा पुसून दोनदा मोजतात, वहीत लिहितात आणि खाली सही करतात. साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, म्हणजे मला, हाक येते. मी चहाच्या आशेनं उतरतो आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, ''अकरा.''

सराफा ओळीच्या मागच्या गल्लीत, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला उलटं जावं लागतं, तिथं काकाजींचं घर. खऱ्या नावानं विचाराल तर कोणी सांगणार नाही. दुनाळी काकाजी म्हणा, शेंबडं पोरगं दारापर्यंत आणून सोडेल. बारा बोअरची, दोन घोड्यांची ही दुनाळी त्यांच्या आजोबांनी घेतली. सराफी पेढी होती आणि उमरेडकडच्या जंगलात शिकारीचा शौक होता. १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला, शौक संपला. वडिलांच्या वेळी घरात दोन सरकारी कटकटी होत्या, एक सोन्याची आणि एक बंदुकीची. सोन्यावरचा १९६८ चा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. बंदुकीवरचा १९५९ चा अजून जिवंत आहे. वाटणीत पेढी भावाकडे गेली आणि काकाजींकडे दुनाळी आली. ''भावानं सोनं घेतलं, आपण इज्जत घेतली,'' असं ते सांगतात. हे वाक्य सुरू झालं की काकूंना स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्याचा वास येतो.

काकाजी बंदुकीला बंदूक म्हणत नाहीत, 'वस्तू' म्हणतात. ''वस्तू पुसून राहिलो.'' ''वस्तूचं नूतनीकरण आलं.'' नव्या माणसाला वाटतं, घरात कोणी आजारी आहे.

परवाना घेताना शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. माणूस असल्या हमीवर सही करतो आणि विसरतो. काकाजींनी ती पोथीसारखी मानली. घरात भक्कम कुलपाचं कपाट एकच होतं, लोखंडी, आणि त्यात काकूंचे दागिने असत. दुनाळी कपाटात गेली तशी दागिन्यांना जागा उरली नाही. ते बाहेर पडले आणि तांदळाच्या कोठीत गेले. सोन्याच्या राखणीसाठी आणलेली बंदूक आज कुलपात आहे आणि सोनं चिनोरच्या तांदळात आहे. काकाजींना यात काही विचित्र वाटत नाही. ''सोनं चोरीला गेलं तर रडायचं. वस्तू चोरीला गेली अन् तिनं कुठं कोणाला काही झालं, तर आयुष्यभर मान खाली.'' याला उत्तर नाही. मी तरी शोधलेलं नाही.

काडतुसं वेगळ्या जागी, देवघराखालच्या खणात, वेगळ्या कुलपात. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात झालेली, 'शक्तिमान' छापाची. दूरदर्शनवर त्या नावाची मालिका लागायची तेव्हा गल्लीतली पोरं समजत, काकाजींच्या देवघरात शक्तिमान कोंडून ठेवला आहे. कपाटाची किल्ली काकाजींच्या जानव्याला. खणाची किल्ली काकूंच्या कमरेच्या जुडग्यात. म्हणजे या घरात गोळी सुटायची तर नवरा-बायकोचं एकमत व्हावं लागतं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरही झालेलं नाही. माझ्या मते जगातली ही सगळ्यात खात्रीची कुलूपव्यवस्था आहे.

रविवारी सकाळी वस्तूची सेवा असते. आधी पोरंटोरं बाहेर. मग कपाट, मग खोळ. हातात घेतल्याबरोबर नळ्या मोडून उजेडाकडे धरून बघायच्या, मगच बोलायचं. आत काही नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. गेल्या रविवारीही नव्हतं. एकदा मी म्हटलं, ''काकाजी, रिकामीच आहे नं?'' तर म्हणाले, ''रिकामी आहे असं म्हणून राहिला नं, तोच मरतो. नाहीतर त्याचा शेजारी मरतो. अन् शेजारी तू आहेस.'' त्या दिवसापासून मीही आधी नळ्यांत बघतो, मग चहात. गजाला चिंधी गुंडाळून दोन्ही नळ्या ओढायच्या, तेलाचा हात, कुंद्याला मेण. नळीचं तोंड भिंतीकडे, बोट चापाच्या बाहेर. दसऱ्याला झेंडूची माळ पडते तेव्हाही तोंड भिंतीकडेच असतं. आरती पाठमोऱ्या देवाची करावी तशी होते.

याच गल्लीत दुसरी जातही आहे. शर्ट मुद्दाम आत खोचलेला, कमरेला रिव्हॉल्व्हरचं चामडी घर, आणि पोह्यावरची तर्री वाढून घेताना वाकायचं ते अशा बेतानं की ते दिसलंच पाहिजे. अशांच्या वरातीत एकदा काकाजींना गळ पडली, ''काकाजी, तुमची दुनाळी काढा, दोन बार होऊन जाऊ द्या.'' आनंदाच्या भरात हवेत बार काढला आणि त्यात निष्काळजीपणानं कोणाचा जीव धोक्यात घातला, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. काकाजींनी कायदा सांगितला नाही. वर बोट दाखवलं. ''वर गेलेलं खाली येते, भाऊ. अन् इतवारीत अशी एक गच्ची दाखव, जिथं कोणाची माय पापड वाळवून नाही राहिली.''

त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, ते काकाजींना आवडलं. पण एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, त्यांची दोन केली, यावर ते आठवडाभर धुसफुसत होते. मी म्हटलं, तुमच्याजवळ तर एकच आहे. ''तेच सांगून राहिलो. म्हणजे आपली वाढ खुंटवली नं!''

काकूंना या सगळ्याचं कौतुक कधीच नव्हतं. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यानं खास बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. काकाजींनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. वजन पाचशे ग्रॅम, किंमत लाखावर. काकू शेवटी सराफाच्या घरच्या. म्हणाल्या, ''अर्धा किलो लोखंडाला लाख रुपये? घट किती धरतात?''

मग २०२४ च्या पोळ्याची रात्र आली. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि त्यांच्यामागे बडग्यांचे पुतळे. आदल्या रात्री इतवारीत बडगे करणाऱ्या पोरांना झोप नसते. दीड-दोनच्या सुमाराला खालून भांडं पडल्याचा आवाज आला, मग काकाजींचा, दबका. मी जिन्यात येऊन उभा राहिलो. काकाजी बनियनवर, हातात दुनाळी, उघडी आणि रिकामी.

''किल्ली दे.''

''कशाला?''

''चोर आहे. मागच्या भिंतीवरून उतरला, मी पाहिला. काळाकुट्ट आहे.''

''काळा आहे तर लाइट लावा नं जी.''

''खणाची किल्ली दे म्हणतो मी!''

''चोर असता तर कोठीकडे गेला असता. हा स्वयंपाकघरात काहून गेला? आधी आवाज द्या.''

काकाजींनी आवाज दिला नाही. हात पुढे केला तो केलाच. काकूंनी जुडगा मुठीत घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं. ओट्याशी त्यांचा पुतण्या उभा होता. तोंडाला डांबरासारखा काळा रंग, केसांत बडग्याची तणस, हातात पुरणपोळी. त्यानं आधी काकाजींकडे पाहिलं, मग दुनाळीकडे, आणि घास गिळायचं विसरला.

कोणी काही बोललं नाही. काकाजी खाली बसले, तिथंच फरशीवर. सवयीनं नळीचं तोंड भिंतीकडे केलं. मग पाणी मागितलं. पेला त्यांच्या दातांवर वाजत होता. काकूंनी पुतण्याला तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी ते मारबत बघायला बाहेर पडले नाहीत. बडगा गल्लीतून गेला तेव्हा खिडकी लावून घेतली. आठवड्यानं मला म्हणाले, ''सत्तरी झाली की वस्तू वारसाच्या नावे करता येते.'' मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो. त्याला फोन लागला. तो म्हणाला, ''बाबा, आमच्या सोसायटीत कुत्रा ठेवायचा तर मीटिंग घेतात.'' मुलीच्या घरी दोन लहान पोरं. तिचं नाव काकाजींनी स्वतःच खोडलं. पुतण्याला विचारायची गोष्ट निघाली नाही.

नोव्हेंबरात विधानसभा आली. हल्ली आचारसंहितेत सगळ्यांच्याच बंदुका ठाण्यात जमा करून घेत नाहीत. छाननी समिती नावं ठरवते आणि त्यांनाच नोटीस जाते. काकाजींना नोटीस आली नाही. एरवी त्यांनी हा अपमान मानला असता. एप्रिलच्या लोकसभेला मानलाच होता: ''म्हणजे आपण कोणाच्या मोजणीतच नाही!'' या वेळी काही बोलले नाहीत. दुनाळी खोळीत घातली, अकरा काडतुसं मोजली, वहीत सही केली, मला साक्षीदार केलं आणि रिक्षानं ठाण्यात जाऊन स्वतःहून जमा करून आले.

निकाल लागले, सरकार बसलं. काकू दोनदा म्हणाल्या, ''वस्तू आणत नाही काय?'' काकाजी म्हणाले, ''गुडघा दुखून राहिला.'' पावती त्यांनी लॅमिनेट करून आणली आहे. ती लोखंडी कपाटात असते, दुहेरी कुलपात, आणि रविवारी सकाळी बाहेर काढून पुसली जाते. सोनं अजून तांदळातच आहे.